ओटूंपाशी राहिलेले पापा

माझ्या वडिलांना मुलांपेक्षा छंद जास्त होते, आणि मुलांपेक्षा छंदांचे लाडही जास्त झाले. हे मी चिडून म्हणते आहे, आणि पुढचंही चिडूनच सांगणार आहे. तेव्हा "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये गं" हे मला कुणी सांगायला येऊ नका. आमच्या गावात, सॉल्टपाँडमध्ये, ते सगळ्यांचं सांगून झालं आहे.

त्यांचं नाव एबो बेंत्सिल. गाव त्यांना पापा पानो म्हणायचं. पानो म्हणजे पाव. आमची भट्टी आईच्या माहेरच्या जागेत, मातीच्या विटांची, घुमटासारखी. जायफळ घातलेला गोड पाव आणि चहाबरोबरचा साधा पाव, दोन्ही तिथेच भाजले जायचे. होड्यांवर जाणारे कोळी, लॉरी-अड्ड्यावरचे ड्रायव्हर, शाळेत जाणारी पोरं, सगळ्यांच्या हातात सकाळी आमचाच पाव. ऊन तापायच्या आत पाटीवाल्या बायका पाव घेऊन गेलेल्या असायच्या. मग पापा अंघोळ करायचे, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा खायचे आणि झोपायचे. दुपार कलली की उठायचे, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि बाहेर पडायचे. भट्टीवरचा घामट, गप्प पापा आमचा, आणि इस्त्रीच्या शर्टातला पापा गावाचा. ही वाटणी कुणी केली मला माहीत नाही. मला विचारून केली नव्हती एवढं नक्की.

छंद तरी किती. मेथडिस्ट चर्चच्या बँडमध्ये ते तो मोठा, पोटाशी धरायचा पितळी कर्णा वाजवायचे. आमच्या असाफो पथकाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या लढवय्या तुकडीच्या, झेंड्यांवर कापडी मगरी आणि होड्या कातरून शिवायचे. बंद पडलेले रेडिओ उघडायचे. कबुतरं पाळायचे. खडकांवर बसून गळ टाकायचे, आणि मिळालेला मासा घरी यायच्या आधीच कुणाला तरी देऊन टाकायचे. आणि सगळ्यात वर दामे. लॉरी-अड्ड्यामागच्या कडुनिंबाखाली सुतार ओटूंच्या दुकानासमोर दामेचा पट मांडला जायचा, सोंगट्या म्हणून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं. एकाची झाकणं उताणी, दुसऱ्याची पालथी. आमच्याकडे दामे हातापेक्षा तोंडाने जास्त खेळतात. समोरच्याला टोमणे मारून घायाळ करायचं आणि मग त्याची सोंगटी उचलायची. माझे वडील टोमण्यांसाठी पार मँकेसिमपर्यंत प्रसिद्ध होते म्हणे. म्हणे! मला हे ते गेल्यावर कळलं. आमच्या घरात हा माणूस दिवसाला मोजून चार शब्द बोलायचा.

आईला याचं काही वाटायचं नाही. मी कुरकुर केली की ती हसून विचारायची, "बायको त्याची मी आहे की तू?" वर म्हणायची की या माणसाला घरात कोंडलं असतं तर तो दुसऱ्या दिवसाच्या पावासारखा वातड झाला असता. भावंडं लवकर शहाणी होऊन ताकोराडीला, आक्राला निघून गेली. भट्टीवर राहिले मी. लहान होते तेव्हा पीठ चाळायचे, मग मळायला लागले, आणि शेवटी सगळंच करायला लागले.

रोज पहिली पाटी बाहेर आली की मी एक पाव मोडायचे, अर्धा पापांच्या पुढे धरायचे. ते चावायचे, डोळे बारीक करायचे, आणि म्हणायचे, "मीठ."

बस. एवढंच. जास्त झालं की कमी पडलं, तेही नाही. मी दुसऱ्या दिवशी चिमूटभर वाढवायचे. "मीठ." तिसऱ्या दिवशी कमी करायचे. "मीठ." एकदा रागाने मूठभर ओतलं, तर ड्रायव्हर लोक पाव परत घेऊन आले आणि पापांनी त्याही पावाचा घास खाऊन तेवढंच म्हटलं. आणि हाच माणूस बाहेर काय करायचा? चर्चमधल्या बायकांचा दगडासारखा केक खाऊन "वा, काय हलका झालाय" म्हणायचा. बँडमधल्या पोराने बेसूर फुंकलं तरी त्याची पाठ थोपटायचा. गावात पापांनी कुणाच्याच कशाला कधी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवायला त्यांनी मला राखून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा "छान झालाय" ऐकावं म्हणून मी अर्धं आयुष्य पीठ मळलं. मला त्या केकवाल्या बायकांचा हेवा वाटायचा. मला कबुतरांचाही हेवा वाटायचा, कारण त्यांच्याशी ते बोलायचे.

मग एक दिवस पापा दुपारच्या झोपेतून उठलेच नाहीत. इस्त्रीचा शर्ट खुंटीला तसाच होता. म्हणजे मरणसुद्धा आमच्या वाट्याच्या वेळात आलं.

आमच्याकडे माणूस गेला की लगेच मातीत जात नाही. तो शवागारात थांबतो आणि माणसं तयारीला लागतात. माणूस गेल्यावर आठवड्याने होते ती बैठक मंडपात भरली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बापाला किती धनी आहेत. बँडमास्तर उभे राहिले, म्हणाले एबो आमचा होता. असाफोचे म्हातारे उभे राहिले, एबो आमचा होता. आक्राहून कबुतरवाला आला होता, तो तर रडायलाच लागला. प्रत्येकाकडे पापांचा एक किस्सा, आणि किश्श्यातले पापा हसणारे, नकला करणारे, सगळ्यांना चहा पाजणारे. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. हा कोण माणूस, मला प्रश्न पडला. याच्याशी माझी ओळख करून द्यायला हवी होती कुणीतरी.

आमच्या फांटी रिवाजाप्रमाणे बाप हा त्याच्या आईच्या कुळाचा. त्याचं घरदार त्याच्या बहिणीच्या मुलांना जातं. मुलांच्या वाट्याला येतं ते बापाचं असाफो पथक, आणि एक काम: शवपेटी मुलांनी द्यायची, आणि पेटीत बापाच्या सोबत जायच्या वस्तू मुलांनी सगळ्यांसमोर आणून ठेवायच्या. साबण, अंग घासायची जाळी, रुमाल, भारी कापड. कुळप्रमुख एग्या अमिसा (वडीलधाऱ्यांना आम्ही एग्या म्हणतो) एकेक वस्तू उंच धरून सगळ्यांना दाखवतात. बैठकीत त्यांनी मला, थोरली म्हणून, विचारलं की मुलं काय काय देणार. मी म्हटलं, "साबण, जाळी, कापड, आणि पापांचे छंद."

लोकांना वाटलं ही दुःखाने काहीतरी बरळते आहे. पण माझं डोकं अगदी थंड होतं. पापांच्या छंदांच्या ज्या ज्या वस्तू गावात होत्या त्या मी गोळा करणार होते आणि पेटीत घालणार होते. मला पापा मिळाले नाहीत ना, मग कुणालाच नकोत. मातीत गेलं की सगळ्यांची वाटणी सारखी. आईने रात्रीच्या जेवणाला मला विचारलं, "आणि कबुतरं? तीही पुरणार का?"

बँडमास्तरांकडे गेले तर कळलं, कर्णा चर्चचा. असाफोच्या म्हाताऱ्यांनी झेंडे काढून समोर पसरले आणि म्हणाले, झेंडा पथकाचा, आणि पथकात तूही आहेस, तेव्हा बापाचा कोपरा अर्धा शिवलेला आहे तो पुरा कर. मला सरळ टाका येत नाही. कबुतरं उडून गेली होती, रेडिओ ज्याचे त्यांनी नेले होते, गळ खडकांतच कुठेतरी राहिला होता. उरला दामेचा पट. तो पापांनी स्वतः बनवला होता, जुन्या भट्टीच्या दाराच्या फळीतून. ते आमच्या घरातलं लाकूड होतं, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. पट ओटूंकडे होता.

ओटूंकडे मला तसंही जायचं होतं, कारण शवपेटी त्यांच्यासारखी कुणी करत नाही. कधी दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. म्हातारा रंधा मारत होता. मी मापाचा कागद पुढे केला, तो त्यांनी बघितलाही नाही.

"माप काय द्यायचं मला? इतकी वर्षं समोर बसलाय तो. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, माहीत आहे ना तुला?"

मला माहीत नव्हतं. पाव भट्टीत सरकवताना त्यांचा खांदा रोज माझ्या नाकासमोर असायचा, आणि मला माहीत नव्हतं. मी विषय बदलला, पट मागितला. ओटूंनी रंधा ठेवला आणि दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे बाकावर काहीतरी जुन्या कापडाखाली झाकलेलं होतं.

"डाव चालू आहे," ते म्हणाले.

"माणूस गेला, एग्या."

"चाल त्याची आहे. मी पट मोडला तर गाव म्हणेल ओटू हरत होता म्हणून मोडला. मी जिंकतोय, हे तू लक्षात ठेव. तू त्याची मुलगी. त्याची चाल तू खेळ, डाव संपू दे, मग पट घेऊन जा."

मी कापड उचललं. काही झाकणं उताणी, काही पालथी. पापांची कुठली, तेच मला कळेना. मी एका झाकणाकडे हात नेला आणि ओटूंचा चेहरा पाहून मागे घेतला. तेवढ्यात बाहेर खेळत बसलेले दोघंचौघं आत डोकावले. एका लॉरी ड्रायव्हरने विचारलं, ही कोण.

"अराबा," ओटू म्हणाले.

"अराबा? पाववाली अराबा? तीच?"

आणि ती माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी त्यांच्याकडून काही उसनं घेऊन पळाले होते. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमच्यापायी आम्ही किती अपमान गिळलेत, तुम्हाला कल्पना नाही." मग एकेक जण सांगायला लागला. पापा सोंगटी मारताना म्हणायचे, ही काय चाल झाली, माझ्या अराबाने झोपेत मळलेलं पीठ याहून शहाणं असतं. कुणी चुकलं की म्हणायचे, तुम्हा सगळ्यांचे हात एकत्र केले तरी माझ्या अराबाच्या एका हाताची सर येणार नाही. कुणी आपल्या पोराची बढाई मारायला लागला की पापा खिशातून आमच्या पावाचा तुकडा काढायचे, त्याच्या तोंडात कोंबायचे आणि म्हणायचे, खा, आणि मग बोल. लोक हसत होते. ओटू हसत नव्हते.

"शेवटच्या दिवशी इथून उठताना म्हणाला," ओटू म्हणाले, "भट्टी आता तिची झाली रे ओटू. मी नुसता लाकडं घालणारा."

मला तिथे रडू यायला हवं होतं. लोक तशी वाटही बघत होते, एकाने बसायला ठोकळा पुढे सरकवला. पण मला आला तो राग, आणि असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. पापांचं हसणं यांना मिळालं, ठीक. पापांच्या गप्पा यांना मिळाल्या, तेही ठीक. पण माझं कौतुक? ते तरी माझं होतं ना? माझ्या हक्काचे ते शब्द पापांनी इथे, या धुरळ्यात, सोड्याच्या झाकणांवर उधळले, आणि ज्यांना माझ्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसांनी ते ऐकले, हसले आणि विसरूनही गेले असतील. माझ्या वाट्याचं जेवण कुणी माझ्यासमोर बसून खाल्लं असतं तरी मी इतकी पेटले नसते. मी ओटूंना पेटीचा रंग सांगितला आणि निघाले. पटाबद्दल बोलले नाही.

पुरायच्या शनिवारी सगळं गाव लाल-काळ्या कपड्यांत जमलं. ओटूंनी पेटी सुंदर केली होती. डाव्या खांद्याच्या बाजूला आत थोडी जास्त गादी घातली होती, ते फक्त मलाच कळलं. एग्या अमिसांनी आमचा साबण उंच धरला, जाळी धरली, कापड उलगडून दाखवलं. बँड वाजत होता, आणि पापांच्या जागी कुणाला उभं केलं नव्हतं. मग गर्दीतून ओटू पुढे आले. त्यांच्या काखेत फडक्यात गुंडाळलेला पट होता, हातात झाकणांची पिशवी.

"मुलांनी मागितला होता," ते एग्या अमिसांना म्हणाले. "मी नाही म्हटलं, ते चुकलं. डाव मी हरलो असं धरा." पट देताना त्यांच्या बोटांनी तो लगेच सोडला नाही.

ते मी बघितलं. दुसऱ्याच्या पोटातली आग मला लांबून ओळखता येते, माझा त्यात हात बसलेला आहे. एग्या अमिसांनी पट माझ्याकडे केला आणि विचारलं, ठेवू का सोबत. सगळे थांबले होते. मला एवढंच दिसत होतं की हा पट मातीत गेला तर उद्यापासून त्या कडुनिंबाखाली माझ्या वडिलांची आठवण काढायला कुणी बसणार नाही. आणि ओटूंपाशी अजून बरंच काही असणार. त्या दिवशी दुकानात भट्टीचं ते वाक्य त्यांनी असं हळूच काढून दाखवलं होतं, म्हणजे मागे साठा आहे.

"नको," मी म्हटलं. "पट एग्या ओटूंकडेच राहू दे. पण पापा तिथे माझ्याबद्दल जे जे बोलले ते माझं आहे. ते मला परत हवं. दर रविवारी चर्च सुटलं की मी येणार."

लोकांमध्ये कुजबुज झाली. अंत्यविधीत कुणी असं वसुलीला बसत नाही. आईने डोक्याला हात लावला. ओटूंनी मात्र पट परत काखेत मारला आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं ते समोरच्या खेळाडूकडे बघत असतील.

"फुकट नाही मिळणार," ते म्हणाले. "मला तरी दुसरं काय उरलंय? शीक आणि जिंकून घे. तुझी सोंगटी पटाच्या माझ्या टोकाला पोचून राजा झाली की एक वाक्य."

अशी मी दामे शिकले, गावातली माणसं पोट धरून हसत असताना. बाई कधी त्या झाडाखाली बसली नव्हती. पापांचा डाव ओटूंनी आठवणीतून जसाच्या तसा पुन्हा मांडून कापडाखाली ठेवला आणि आम्ही एका साध्या फळीवर खेळायला लागलो. ओटू शिकवायचे, पण दात ओठ खाऊन शिकवायचे. माझी सोंगटी राजा व्हायला एक घर उरलं की मुद्दाम ती उचलायचे. कित्येक रविवार मी रिकाम्या हाताने घरी आले. पहिल्यांदा राजा झाला तेव्हा त्यांनी पाणी प्यायलं, घसा साफ केला, उगाच वेळ काढला, आणि मग दिलं: लहानपणी मी ताप आलेला असताना भट्टीजवळ येऊन बसले होते, तर पापांनी सांगितलं होतं, पोरीला आईच्या मांडीपेक्षा भट्टीची ऊब आवडते, ही माझीच आहे.

नंतर नंतर ओटूंनी चलाखी सुरू केली. त्यांचा साठा संपत आला असावा, किंवा देववत नसावं. एकदा म्हणाले, एबो म्हणायचा, माझी अराबा राणीसारखी चालते. मी म्हटलं, "हे पापांचं नाही. पापांनी राणीला चालताना कुठे बघितलं?" ओटू खाली बघून हसले आणि खरं वाक्य काढलं. ते मात्र मी इथे सांगणार नाही. एकटीचं असं माझ्याकडे फार थोडं आहे.

एक मात्र सांगते. ओटूंच्या बायकोच्या हातचं सूप सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा मागत नसे. पापा मागायचे. बाहेर आल्यावर ओटू त्यांना धरायचे, की अरे, मी नवरा आहे, मला तरी खरं सांग. पापा म्हणायचे, "मी खरं फक्त भट्टीवर बोलतो." ओटूंनी हे वाक्य मला एका राजाच्या बदल्यात दिलं आणि लगेच पुढची चाल केली. त्यांना त्यात फार काही दिलं असं वाटलं नव्हतं. माझं मात्र त्या डावात लक्ष राहिलं नाही, मी लागोपाठ सोंगट्या घालवल्या आणि ओटूंना वाटलं उन्हाने झालं.

आता मला दामे बऱ्यापैकी येतं. कापडाखालच्या डावात पापांची चाल कुठली असायला हवी, तेही मला दिसतं. ओटू जिंकत वगैरे नव्हते. पण ती चाल मी खेळत नाही, आणि तेही कधी खेळ म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात ओटूंनी अंथरूण धरलं. खोकला छातीत उतरला होता. मी पहिल्या पाटीतला गरम पाव फडक्यात बांधला आणि जवळजवळ धावतच गेले. वाटेत ओळखीच्या बाईने विचारलं, म्हाताऱ्यावर फार जीव दिसतो. जीव कसला. माझ्या बापाची कितीतरी वाक्यं या माणसाच्या छातीत अजून अडकून आहेत, आणि तो ती घेऊन पापांकडे पळायच्या बेतात होता. तिथे पुन्हा दोघं पट मांडून बसतील, आणि मी इथे.

ओटू उशीला टेकून बसले होते. मी पाव मोडला आणि अर्धा त्यांच्या पुढे धरला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडाला चव आली असावी. त्यांनी सावकाश चावला, डोळे बारीक केले.

"मीठ जरा..." ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातला पाव काढून घेतला.

"ते नाही," मी म्हटलं. "बाकी सगळं तुमचं. ते माझं आहे."